माळ्यावरचा कोयता

मॅडम, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावी कॉमर्सला. चार महिन्यांपूर्वी रात्री तो आणि त्याचे चार मित्र दोन गाड्यांवरून शेजारच्या गल्लीत गेले आणि तिथे उभ्या असलेल्या रिक्षांच्या, टेम्पोंच्या काचा फोडल्या. एकाच्या डिकीत कोयता सापडला. माझा मुलगा बारा दिवस निरीक्षणगृहात होता, आता जामिनावर घरी आहे. मी चार घरी पोळ्या करते. मिस्टर रात्री मार्केट यार्डाच्या टेम्पोवर असतात. आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. सासू-सासरे ऊसतोडीला जायचे, आता ते आमच्याकडेच असतात. दीर-जाऊ अजून जातात. दहावीला ४८ टक्के पडले तेव्हापासून पोरगा गप्प असायचा. मग हे मित्र मिळाले, त्याला ‘भाऊ’ म्हणायला लागले. नणंदेचे मिस्टर म्हणाले, ‘रक्तातच असतं एकेकाच्या.’ कॉलेजातून निरोप आलाय, दाखला घेऊन जा. आणि हा म्हणतो, ‘काचाच फोडल्या ना, कुणाला मारलं का?’ मला झोप लागत नाही. माझं काय चुकलं? त्याला गावी दिरांकडे पाठवून देऊ का? सासऱ्यांचा जुना कोयता घरात होता, तो मी माळ्यावर लपवलाय.
— एक आई, पुणे

ताई, नमस्कार.

पत्र आल्यापासून माझ्या डोक्यातून त्या काचा जात नाहीत. तुम्ही एका ओळीत त्या सांगितल्या आणि पुढे गेलात, पण मला तिथेच थांबावंसं वाटतं. काच फोडून कुणाला एक रुपया मिळत नाही. आणि फोडल्या कुणाच्या? रिक्षावाल्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या. म्हणजे त्याच्या वडिलांसारख्याच, थकून येऊन गाडी गल्लीत लावणाऱ्या माणसांच्या. मग पोरांनी हे केलं कशासाठी?

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. गुन्ह्यांमागची सामाजिक कारणं शोधण्यात कित्येकांनी उभी हयात घातली आहे. त्यांच्या कामातलं जे तुमच्या उपयोगाचं आहे, तेवढंच सांगते.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली एक मुद्दा मांडला. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो: पैसा, गाडी, मान. तिथे पोचायची वाट मात्र सगळ्यांना सारखी देत नाही. ज्यांची वाट अडते त्यांतले काहीजण आडवाटेला लागतात. चोरी, मटका, हप्तावसुली या गोष्टी यातून बऱ्याच उलगडतात. काचा उलगडत नाहीत, कारण त्यात कमाईच नव्हती.

हाच प्रश्न अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये धरला. खालच्या थरातली पोरं ज्या गोष्टीतून काही मिळत नाही ती नासधूस का करतात? त्यांचं उत्तर असं, की शाळा सगळ्या मुलांना एकाच फूटपट्टीने मोजते आणि ती फूटपट्टी सुखवस्तू घरांमधली असते. नीट बोलणं, वेळेवर अभ्यास, पुढच्या पाच वर्षांचा विचार, टक्के. ज्याच्या घरी अभ्यासाला टेबल नाही, विचारायला शिकलेला माणूस नाही, तोही त्याच पट्टीवर मोजला जातो आणि कमी भरतो. कमी भरल्याचं दुःख एकट्याला सोसत नाही. मग तशीच कमी भरलेली चार पोरं एकत्र येतात आणि आपली वेगळी पट्टी करतात. त्या पट्टीवर धाक मोजतात, आणि मोडतोड केली की मार्क मिळतात. आता तुमचंच वाक्य पुन्हा वाचा: ४८ टक्के पडले, गप्प झाला, मग ‘भाऊ’ म्हणणारे भेटले. त्या रात्री त्या पोरांना काचेचं काही करायचं नव्हतं. एकमेकांनी बघावं म्हणून ती फोडली.

कोहेन यांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. त्यांच्या मांडणीत ही पोरं म्हणजे आपल्या जगाच्या बरोबर उलटं जग वाटतं. वर्गात पंचवीस-तीस वर्षं पोरं पाहिल्यावर मला तरी तसं दिसलं नाही. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी हीच हरकत घेतली. ते म्हणाले, या मुलांना चूक-बरोबर चांगलं कळतं. कळतं म्हणूनच त्यांना सबबी लागतात. अशा पाच सबबी त्यांनी नोंदवल्या. आपल्या बोलीत सांगायचं तर अशा: माझ्या हातात नव्हतं. कुणाचं काय बिघडलं? त्याला तसंच पाहिजे होतं. बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत? आणि, दोस्तांसाठी करावं लागतं.

‘काचाच फोडल्या ना, कुणाला मारलं का?’ ही त्यातली दुसरी. हे वाक्य ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल. मला मात्र त्यात आशा दिसते. ज्याला काहीच वाटत नाही तो सबब सांगत बसत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, ती सबब आहे तिथेच गळून पडेल असं काही करा. त्या गल्लीतल्या कुणा रिक्षावाल्याचे दोन दिवस काच बसवण्यात गेले असतील, शाळेच्या मुलांच्या फेऱ्या बुडाल्या असतील, खिशातून पैसे गेले असतील ते वेगळेच. हे त्याला त्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. एक काळजी घ्या. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालू आहे आणि तो माणूस कदाचित साक्षीदार असेल, तेव्हा परस्पर भेटायला जाऊ नका. आधी तुमच्या वकिलांना आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) विचारा. परवानगी मिळाली तर तुम्ही, मिस्टर आणि तो असे तिघं जा. त्याने माफी मागावी आणि नुकसानीचे पैसे सुट्टीत काम करून थोडे थोडे फेडावेत. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये लाज आणण्याचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात माणसाला कायमचं बाहेर काढतात. दुसऱ्यात कृत्याला नावं ठेवतात आणि माणसाला परत पंगतीत बसवतात. त्यांच्या मते गुन्हे कमी करते ती दुसरी.

आता नणंदेच्या मिस्टरांचं ‘रक्त’. या शब्दाचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी वर्षानुवर्षांच्या बालन्यायालयाच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक मुलाच्या घराचा पत्ता शहराच्या नकाशावर मांडला. काही भागांत खूप खुणा जमल्या: कारखान्यांच्या कडेच्या, पडक्या, स्वस्त भाड्याच्या वस्त्या. शहरात नवा आलेला माणूस पहिलं बिऱ्हाड तिथेच करायचा आणि जरा पैसा हातात आला की निघून जायचा. आधी तिथे जर्मन, आयरिश होते. ते गेले, इटालियन, पोलिश आले. मग दक्षिणेकडून कृष्णवर्णीय आले. माणसं बदलली, भाषा बदलली, पण त्या भागांतलं मुलांच्या गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. आणि जे लोक चांगल्या वस्तीत गेले, त्यांच्या मुलांमधलं प्रमाण उतरलं. रक्तात असतं तर ते रक्ताबरोबर गेलं असतं. मागे राहिला तो पत्ता. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, कोणाचं पोर कुठे बसतं हे कोणी बघत नाही, आणि वरच्या वयाची पोरं खालच्यांना तयार करतात, असा पत्ता.

आपल्याकडे तर ‘रक्तातच असतं’ याचा एके काळी कायदाच होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू झाला. मूल जन्मायच्या आधी त्याची जमात गुन्हेगार ठरलेली असायची. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागायची, विनापरवाना बाहेर पडता यायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कागदावरून पुसला गेला, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. तरीही गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जातात, हे आपल्याकडे अजून कुणाला नवं वाटत नाही. एका माणसाच्या जेवताना बोललेल्या वाक्याला एवढा मोठा इतिहास चिकटलेला आहे. तुमच्या मुलासमोर ते वाक्य पुन्हा कोणी बोललं, तर नातं सांभाळून पण स्पष्टपणे थांबवा.

‘माझं काय चुकलं?’ याचं उत्तर देण्याआधी मला एक सांगायचंय.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आमच्या मजल्यावर एका बाईंना दोन मुलगे होते. मोठा गिरणीत बदलीवर होता. संपानंतर त्याला काही काम उरलं नाही. दिवस नाक्यावर, संध्याकाळ नाक्यावर, आणि नाक्यावर येऊन विचारपूस करणारी माणसं कामाची नव्हती. धाकटा दोन वर्षांनी लहान. त्याला मामाने एका छापखान्यात लावलं आणि रात्रशाळेत घातलं. सहा वाजता तो डबा-वह्या घेऊन निघायचा, दहाला परत. मोठा टोळीत गेला आणि एक दिवस त्याची फक्त बातमी आली. धाकटा मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाला. आई तीच, खोली तीच दहा बाय बाराची, चूल तीच. त्या बाई आमच्या दारात बसून माझ्या आईला तुमचाच प्रश्न विचारायच्या. आईकडे उत्तर नव्हतं. पुढे शिकताना मला ते सापडत गेलं, तोवर त्या बाई राहिल्या नव्हत्या.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही चार घरच्या पोळ्या करता आणि मिस्टर रात्रभर टेम्पोवर, ही चूक नाही, हा तुमचा प्रपंच आहे. पण त्यामुळे, आजी-आजोबा घरात असले तरी, संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात त्या मुलाला विचारणारं कोणी नसतं, हीसुद्धा खरी गोष्ट आहे. स्वतःला दोष देण्यात शक्ती घालवू नका. ती या पाच तासांकडे वळवा.

कारण तुमच्याच गल्लीत, तसेच टक्के पडलेली इतर पोरंही आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी काच फोडली नाही. वस्तीचा सिद्धान्त इथे तोकडा पडतो आणि तुमच्या मुलाची स्वतःची जबाबदारीही इथेच सुरू होते. ती त्याच्यावरून काढून घेऊ नका. ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच फिरवला: काहीजण गुन्हा का करतात हे विचारण्यापेक्षा बाकीचे का करत नाहीत ते विचारा. त्यांना चार धागे दिसले. कोणाची तरी माया, म्हणजे ज्याला वाईट वाटेल असं माणूस. गमावण्यासारखं काहीतरी हातात असणं. वेळ भरलेला असणं. आणि नियम आपलेही आहेत असं मनापासून वाटणं. माया तुमच्याकडे भरपूर आहे, पत्राच्या ओळीओळीत दिसते. मधले दोन धागे सुटलेत.

याच हिशोबाने गावाकडचा प्रश्न बघा. मित्रांपासून लांब जाईल हे खरं, आणि संगत हे फार मोठं कारण असतं. पण दीर-जाऊ अजून ऊसतोडीला जातात असं तुम्हीच लिहिलंय. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. म्हणजे वर्षातले जवळजवळ सहा महिने त्या घरात कोण असेल? कॉलेज सुटलेलं, आई-बाप लांब, घर रिकामं आणि खिशात मोबाइल. चारही धागे एकदम तुटतील. शिवाय जामिनावर असताना मंडळाला न सांगता पत्ता बदलणं बरं नाही. पाठवू नका.

दाखल्याचं त्याहून महत्त्वाचं. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये पहिली चूक आणि दुसरी चूक असा फरक केला. पहिली चूक बऱ्याच मुलांकडून होते आणि विरून जाते. पण त्या चुकीमुळे लोक त्याला एकाच नावाने ओळखायला लागले, शाळा सुटली, मित्रांच्या आयांनी दार लावलं, की त्याच्याकडे तेवढं एकच नाव उरतं आणि तो ते निभवायला लागतो. कॉलेज तुमच्याकडूनच दाखल्याचा अर्ज मागेल. त्यावर सही करू नका. परिविक्षा अधिकारी मंडळासाठी मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल करतात. त्यांना भेटून सांगा की शिक्षण चालू राहावं अशी आमची इच्छा आहे, आणि प्राचार्यांशी बोलाल का. मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक बाई असते. पुढच्या तारखेला त्यांच्यासमोर हे स्वतःच्या तोंडाने मांडा, घाबरू नका.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्व लिहिलेलं आहे. मुलाचं नाव, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी पोलिसांना ही नोंद उघड करता येत नाही. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली घरी, ठेवू शकतं. हे त्यालाही समजावून सांगा. ‘आता माझं काही होणार नाही’ असं ज्या पोराला वाटतं, त्याच्या हातात गमावण्यासारखं काही राहत नाही. वकिलाचे पैसे जड जात असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि ही पोरं सुधारतात का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. बॉस्टनमध्ये शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या नवरा-बायकोने सुधारगृहातल्या ५०० मुलांची बारकाईने माहिती गोळा केली होती. ती खोकी हार्वर्डच्या तळघरात पडून होती. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ती बाहेर काढली आणि त्या मुलांचा माग ती सत्तरीला पोचेपर्यंत काढला. लहानपणी अगदी वाया गेलेलीही बहुतेक पुढे गुन्ह्यातून बाहेर पडलेली निघाली, कोणी लवकर, कोणी उशिरा. लवकर बाहेर पडायला मदत झाली ती टिकाऊ नोकरीची, चांगल्या जोडीदाराची, शिस्तीच्या एखाद्या जागेची. दिवस बदलला, रोज कुठेतरी जायची सवय लागली, मग माणूस बदलला.

त्या पाच तासांसाठी तुम्हाला मोठं काही करायचं नाहीये. कॉलेजनंतर एखाद्या गॅरेजमध्ये, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन-तीन तास शिकायला बसवा. नेहमीच्या मेकॅनिककडे मिस्टरांचा शब्द चालत असेल. आठवड्यातून एक रात्र तरी मिस्टरांनी घरी जेवावं आणि जेवताना फक्त ऐकावं. आणि एकट्या राहू नका. तुमची भिशी असेल, हळदीकुंकवाचा घोळका असेल, त्यांत बाकीच्या चार मुलांच्या आया शोधा. त्याही रात्री जाग्याच असणार. एकमेकींना दोष न देता पाचजणींनी ठरवा की संध्याकाळी कोणाचंही पोर नाक्यावर दिसलं तर जी दिसेल तिने हाक मारायची. शॉ यांनीही नकाशे काढून झाल्यावर शिकागोत हेच केलं. वस्तीतल्याच माणसांना हाताशी धरून १९३० च्या दशकात काम उभं केलं.

राहिला माळ्यावरचा कोयता. तो तिथे ठेवू नका. पुन्हा कधी झडती झाली तर त्याचा अर्थ वेगळाच लागेल. वकिलांच्या कानावर घाला, आणि दीर आले की त्यांच्याबरोबर गावी पाठवून द्या, तिथे तो हत्यार नाही, अवजार आहे. पण पाठवण्याआधी एका दुपारी खाली काढा आणि सासऱ्यांना नातवाजवळ बसवा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हे सोळा वर्षांच्या त्या पोराला बहुतेक ठाऊक नसेल. त्याची आजी पहाटे चारला उठून मोळ्या बांधायची, आजोबा तोडायचे, आणि दोघं मिळून एक कोयता मोजले जायचे. हे सासऱ्यांनाच सांगू द्या. त्यांच्या तळहातावरचे घट्टे त्याला हात लावून बघू द्या. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात असलात तरी चालेल.